‘म्हणे’ गाळलेला चित्रपट

अमेरिकन फुटबॉलवरील चित्रपटांत ‘नूट रॉकनी, ऑल अमेरिकन’ (१९४०) आम्हांस विशेष प्रिय आहे. तथापि आवडीने परीक्षण थांबू नये. नोटर डेमचा खेळाडू जॉर्ज गिप १९२० साली वारला. संघ अडचणीत येईल तेव्हा आपल्यासाठी जिंकावे, ही त्याची अंतिम इच्छा प्रशिक्षक रॉकनी यांनी संघास सांगितली ती १९२८ साली, आर्मीविरुद्धच्या सामन्यात. तिला रॉकनींवाचून अन्य आधार नाही. मराठीत येथे ‘म्हणे’ आवश्यक ठरते. पडद्यावर मात्र गिपच्या भूमिकेतील रोनाल्ड रेगन ती इच्छा आपल्यासमक्ष उच्चारतात. कॅमेऱ्यापाशी ‘म्हणे’ नाही. दिसले ते घडले, असे प्रेक्षक मानतो. १९८८ साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी तेच आवाहन राजकीय व्यासपीठावरून केले. ऐकीव वचनास प्रत्यक्षाचे बळ देणे हेच या चित्रपटाचे सामर्थ्य, आणि हाच त्याचा दोष.