‘उचल्या’ आणि ठाण्यातली नोंदवही

लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ला १९८८ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ‘विदारक अनुभव’ म्हणून आपण मोकळे झालो. मी मात्र ते पोलिसी नोंदवहीची चिकित्सा म्हणून वाचतो: तिथं संशयित आधी ठरतो, गुन्हा नंतर शोधला जातो.

बारामती-इंदापूरच्या पारधी पालांवरून वाचलं, तर त्यातलं लातूर लांब राहत नाही. १८७१च्या कायद्यानं मारलेला ‘गुन्हेगार जमाती’चा शिक्का १९५२मध्ये पुसला गेला, तरी १९९८मध्ये बारामतीत पोलीस कोठडीत एक पारधी माणूस मेला.

ऑक्टोबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगाच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला लावला. बरंच झालं. पण तुरुंगाची वाट ठाण्यातून जाते. तिथल्या डोक्यातला रकाना कोण खोडणार?