वॉटसनचा सांगाडा : बिडाच्या एका इमारतीची उलटतपासणी

मुंबईत काळा घोड्याजवळ, डेव्हिड ससून वाचनालयापासून चार पावलांवर, एस्प्लनेड मॅन्शन उभी आहे. जुनं नाव वॉटसन्स हॉटेल. तिच्याबद्दल मराठीत, हिंदीत, इंग्रजीत भरपूर लिहिलं जातं, पण बहुतेक लेख तीनच गोष्टी सांगतात. 7 जुलै 1896 रोजी ल्युमिएर बंधूंचा सिनेमा भारतात पहिल्यांदा इथे दाखवला गेला. त्याच वर्षी मार्क ट्वेन इथे उतरला. आणि जमशेटजी टाटांना इथे प्रवेश नाकारला, म्हणून त्यांनी ताज बांधलं.

पहिल्या दोन गोष्टी खऱ्या. तिसरी सगळे सांगतात, पण त्या काळातला कागद कोणी पुढे ठेवत नाही, आणि जाणत्या इतिहासकारांनी तिच्यावर शंका घेतलेली आहे. माझी तक्रार मात्र वेगळी आहे. या तिन्ही गोष्टी इमारतीत घडल्या असं आपण म्हणतो. खुद्द इमारतीबद्दल त्यातली एकही काही सांगत नाही. उद्या ती पाडली तरी या गोष्टी एका पाटीवर लिहून ठेवता येतील. मग इमारत कशाला हवी? वारसाप्रेमींच्या लिखाणाने पाडणाऱ्याच्या हातात दिलेला हा युक्तिवाद आहे.

मी इंजिनिअर, इतिहास स्वतःच वाचून शिकलो. त्यामुळे मला आधी सांगाडा दिसतो. आणि वॉटसनची खरी गोष्ट सांगाड्याचीच आहे.

जॉन वॉटसन हा कापडाचा व्यापारी. 1860च्या दशकात मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडला गेला, मोकळ्या झालेल्या एस्प्लनेडवर भूखंड विकायला निघाले, त्यातला एक त्याने घेतला. सुरुवातीचा बेत हॉटेलचा नव्हता, दुकानाचा होता. नकाशे केले रोलंड मेसन ऑर्डिश यांनी. हा माणूस वास्तुविशारद नव्हे, पुलांचा आणि छपरांचा इंजिनिअर. लंडनच्या 1851च्या क्रिस्टल पॅलेसवर काम केलेला. त्याने वॉटसनला दिलं ते क्रिस्टल पॅलेसचंच तंत्र : सुटे भाग इंग्लंडच्या ओतशाळेत ओतायचे, जहाजावर चढवायचे आणि मुंबईत आणून जोडायचे. 1867 ते 1869 मध्ये बांधकाम झालं, 1871 मध्ये हॉटेल सुरू झालं. सुमारे 130 खोल्या, मध्ये काचेच्या छताचा चौक, रस्त्याच्या बाजूला प्रत्येक मजल्यावर लांबलचक सज्जे.

आता यातलं महत्त्वाचं काय? भार भिंतींवर नाही. बिडाचे खांब आणि त्यांना जोडलेल्या तुळया मिळून पिंजरा तयार होतो, विटा फक्त मधली जागा भरतात. आज प्रत्येक गावात आरसीसीची फ्रेम उभी राहते ती याच विचाराने. शिकागोची होम इन्शुरन्स बिल्डिंग 1885ची; गगनचुंबी इमारतींची आजी म्हणून तिचं नाव घेतात, पण ती 1931 मध्येच पाडली गेली. इंग्लंडमधल्या शीअरनेसच्या गोदीतलं लोखंडी बोट स्टोअर 1860चं, म्हणजे वॉटसनपेक्षा जुनं, पण ते गोदाम. माणसं राहण्यासाठी, धंद्यासाठी बांधलेली इतकी जुनी, बहुमजली, पूर्ण लोखंडी सांगाड्याची इमारत जगात शोधायला गेलं तर हाताची बोटंसुद्धा पुरून उरतील.

हिशेबाची दुसरी बाजूही मांडायला हवी, नाहीतर ही टीका नव्हे, आरती होईल. बीड दाब उत्तम सोसतं, ताण सोसत नाही. घडीव लोखंड वाकून सूचना देतं, बीड न सांगता तडकतं. सांध्यात पावसाचं पाणी शिरलं की गंज धरतो, गंज फुगतो, आणि सांधा आतून फाटतो. मुंबईच्या दीडशे पावसाळ्यांत हे किती झालं असेल, सांगायला नको. त्यात हॉटेल बंद झाल्यावर इमारतीचे तुकडे पडले : खोल्यांत खोल्या, वकिलांची ऑफिसं, दुकानं, घरं. प्रत्येक पार्टिशन, प्रत्येक पोटमाळा, प्रत्येक पाण्याची टाकी म्हणजे ऑर्डिशच्या हिशेबात नसलेलं वजन. 1 जुलै 2005 रोजी दर्शनी सज्ज्याचा भाग कोसळून एकाचा जीव गेला. धोका खरा होता आणि आहे. तो नाकारणाऱ्या वारसाप्रेमींशी माझं जमणार नाही.

2005 मध्येच वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने ही इमारत धोक्यातल्या शंभर स्थळांच्या 2006च्या यादीत घातली. मुंबईच्या वारसा यादीत ती दोन-अ श्रेणीत आहेच. 2019 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने भाडेकरू बाहेर पडले, आयआयटी मुंबईच्या अहवालाने पाडण्याची शिफारस केली, तर संवर्धनातल्या जाणकारांनी दुरुस्ती शक्य आहे असं सांगितलं.

इथे माझा मुद्दा साधा आहे. इमारत धोकादायक आहे, हे एक वाक्य. इमारत पाडावी, हे दुसरं. पहिल्यावरून दुसरं आपोआप निघत नाही. विटा-चुन्याच्या जाड भिंतीचं एक टोक खचलं तर सगळी भिंत हलते. पण सुट्या भागांची जोडणी असलेल्या सांगाड्यात प्रश्न असा विचारायचा असतो : कोणता खांब, कोणती तुळई, कोणता सांधा? खालून टेकू द्या, वरचं आगंतुक वजन उतरवा, खराब भाग बदला. बांधली त्याच रीतीने ती दुरुस्त करता येते. स्वस्तात होईल असं मी म्हणत नाही. पण पाडा असं सांगणाऱ्या अहवालाने आधी भागवार हिशेब मांडायला हवा.

याच ऑर्डिशची आणखी दोन कामं बघा. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनचं भव्य छप्पर त्याने बार्लोबरोबर केलं, 1868चं, म्हणजे अगदी वॉटसनच्याच वर्षांतलं. 1960च्या दशकात तेही पाडायला निघाले होते. 1967 मध्ये संरक्षण मिळालं, आणि 2007 पासून त्याखाली युरोस्टार उभी राहते. थेम्सवरचा अल्बर्ट पूल 1873चा. तो कमकुवत पडला तेव्हा 1973 मध्ये त्याच्या मधोमध काँक्रीटचे खांब दिले. शुद्धतावाद्यांना ते खुपतं, पण पूल उभा आहे आणि वापरात आहे.

तिथे मालक एक होता, हे मान्य. वॉटसनमध्ये मालक, शंभरावर भाडेकरू, गोठलेलं भाडं आणि दुरुस्ती मंडळ असा गुंता. खरी अडचण बिडात नाही, या गुंत्यात आहे. वारसा यादीने पाडायला मनाई केली, पण दुरुस्तीचा पैसा कोणी द्यायचा हे सांगितलं नाही. नुसती मनाई म्हणजे सावकाश पाडणंच. आणि दर्शनी भाग ठेवा, मागे टॉवर बांधा ही तडजोड तर इथे निरर्थक आहे, कारण वॉटसनचं मोल चेहऱ्यात नाही, हाडांत आहे.

बालाघाटात बसून हे का लिहायचं, असं मंडळात विचारलं गेलं. 1956 पर्यंत आमची राजधानी नागपूर होती. गोंदियाहून सातपुड्याची छोटी लाईन आली, भरवेलीचं मँगनीज निघालं, आणि त्या पैशावर इथला बाजार वाढला. आमच्या बाजारातल्या जुन्या दुकानांचं नाव जगाच्या यादीत कधी येणार नाही. तिथे ना ल्युमिएर आले, ना मार्क ट्वेन. म्हणूनच किश्श्यांवर उभा केलेला वारसा आमच्या कामाचा नाही. आम्हाला मोजमाप हवं : खांब लाकडाचा की लोखंडाचा, तुळईचा गाळा किती, ओतशाळेचं नाव उमटलंय का, पाणी कुठून मुरतं, मागचा पोटमाळा कधी चढवला. फूटपट्टी, वही आणि मालकाची परवानगी, एवढ्यावर हे काम होतं. म्हणजे उद्या कोणी दुकान धोकादायक ठरवलं, तर कोणता खांब, हे विचारायला आपल्या हातात कागद असेल.