करारातला कर्ता कोण?

साहित्यकृती वाचताना आपण विचारतो : यात बोलतो कोण आणि बोलू दिलेले नाही कोणाला? हाच प्रश्न कायद्याच्या संहितेलाही विचारला पाहिजे. कायदा हेही लेखनच आहे आणि ते लिहिणारे हात बहुधा आपले नसतात. सामाईक नद्या, त्यांवरची जलविद्युत धरणे आणि आंतरराष्ट्रीय कायदा हा विषय वर्गात शिकवत असता एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, धरणात गाव गेलेला माणूस यात कुठे आहे?" तो स्वतः धरणग्रस्तांच्या वसाहतीत वाढलेला. मला उत्तर देता आले नाही. मी संहिता पुन्हा वाचायला घेतल्या.

१९६० चा सिंधू पाणीवाटप करार घ्या. १२ कलमे, ८ परिशिष्टे. पश्चिमेकडील नद्यांवर भारताने वीज कशी निर्माण करावी, यासाठी एक स्वतंत्र परिशिष्ट. किशनगंगा प्रकल्पाचा वाद याच कराराखाली लवादापुढे गेला. २० डिसेंबर २०१३ च्या अंतिम निवाड्याने धरणाखाली दर सेकंदाला किमान ९ घनमीटर पाणी सोडण्याचे बंधन भारतावर घातले. एप्रिल २०२५ मध्ये भारताने हा करार स्थगित ठेवल्याचे जाहीर केले, तो वाद वेगळा. येथे मुद्दा एवढाच की, या कायद्याला मोजता येते. मग तो काय मोजत नाही?

त्यासाठी कर्णफुलीच्या काठी गेले पाहिजे. ही नदी मिझोरामच्या डोंगरांत उगम पावते आणि चितगावजवळ समुद्राला मिळते. तिच्यावर कप्ताई येथे तेव्हाच्या पाकिस्तान सरकारने अमेरिकेच्या मदतीने जलविद्युत धरण बांधले. १९६२ मध्ये ते पुरे झाले. चितगाव डोंगरी प्रदेशातील सुमारे ५४,००० एकर शेतजमीन, म्हणजे तेथील लागवडीच्या जमिनीचा सुमारे ४० टक्के भाग, पाण्याखाली गेला. सुमारे एक लाख माणसे उठली. त्यांत बहुसंख्य चकमा, म्हणजे बौद्ध आदिवासी. हजारो चकमा सीमा ओलांडून भारतात आले. १९६४ पासून त्यांतील अनेकांना तेव्हाच्या नेफात, आजच्या अरुणाचलात, वसविण्यात आले.

त्या वेळी कायदाच नव्हता, असे कोणी म्हणेल. तसे नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा आदिवासींविषयीचा १०७ क्रमांकाचा करार १९५७ चा आहे. अपवाद म्हणून आदिवासींना हलवावेच लागले, तर निदान पूर्वीच्या तोडीची जमीन द्यावी, असे त्याचे बारावे कलम सांगते. पाकिस्तानने या कराराला मान्यता दिली ती १९६० मध्येच. म्हणजे एकाच वर्षी त्या सरकारने दोन कागद स्वीकारले. पाण्याच्या कागदामागे आयुक्त, तज्ज्ञ, लवाद आणि जागतिक बँक उभी राहिली. माणसांच्या कागदामागे कोणीही उभे राहिले नाही.

नंतर तरी संहिता बदलली काय? सामाईक जलप्रवाहांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार १९९७ मध्ये संमत झाला व २०१४ मध्ये अमलात आला. भारत आणि पाकिस्तान मतदानात तटस्थ राहिले. त्यात न्याय्य वापराचे तत्त्व आहे. माणसाच्या जगण्याच्या गरजांकडे विशेष लक्ष द्यावे, असेही म्हटले आहे. पण वाक्यांचा कर्ता राष्ट्रच. राष्ट्राने राष्ट्राला लक्षणीय हानी पोहोचवू नये! आपल्याच माणसांना बुडवले तर? तिथे संहिता गप्प.

आंतरराष्ट्रीय कायदा राष्ट्राराष्ट्रांमधलाच असतो, हा पंडितांचा आक्षेप मला ठाऊक आहे. तो पुरता खरा नाही. याच कराराच्या ३२ व्या कलमात व्यक्ती अवतरते. सीमेपलीकडून हानी झालेल्याला दाद मागताना राष्ट्रीयत्वावरून भेदभाव करू नये, असे ते कलम म्हणते. म्हणजे लिहिणाऱ्यांना माणसाचे नाव लिहिता येत होते. पण हानी पाण्याबरोबर सीमेपलीकडे गेली तरच हा माणूस दिसतो. हानी सोसून माणूसच सीमेपलीकडे गेला, तर तो जलकायद्याच्या कक्षेबाहेर पडतो आणि परकीय ठरतो.

चकमांचे हेच झाले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यांच्या जीविताचे रक्षण करा, असा आदेश अरुणाचल सरकारला द्यावा लागला. २०१५ मध्ये त्यांना तीन महिन्यांत नागरिकत्व द्या, असेही न्यायालयाने सांगितले. तरीही प्रश्न मिटला नाही. ज्या धरणाने त्यांना बेघर केले, त्याची वीज आजही तयार होते.

म्हणून आपली मागणी दयेची नको. धरण बांधताना विस्थापितांची संमती, जमिनीबदली जमीन आणि दाद मागण्याचा हक्क हे पाण्याच्या करारातच लिहिले पाहिजे, आणि त्या कराराखालच्या लवादापुढे उभे राहण्याचा अधिकार त्यांना असला पाहिजे. ९ घनमीटर पाणी मोजणाऱ्यांना एक लाख माणसे मोजणे अवघड नाही. त्या विद्यार्थ्याला आता मी एवढेच सांगू शकतो : तू विचारलेला माणूस संहितेत नाही. त्याला तेथे लिहिण्याचे काम अजून बाकी आहे.