पंधरा हजार तासांचा हिशेब

वयाच्या पाचव्या वर्षापासून शाळा सोडेपर्यंत इंग्लंडमधील मूल सुमारे १५,००० तास शाळेत काढते. या तासांमुळे त्याच्यात काही फरक पडतो का, हा १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फिफ्टीन थाउजंड अवर्स’ या पुस्तकाचा प्रश्न आहे. अमेरिकेतील १९६६ च्या कोलमन अहवालानंतर, घरच्या परिस्थितीपुढे शाळेचे फारसे काही चालत नाही, असा समज पसरला होता. बालमानसोपचारतज्ज्ञ मायकेल रटर व त्यांचे तीन सहकारी यांनी तो तपासून पाहिला.

त्यांनी लंडनच्या अंतर्भागातील १२ माध्यमिक शाळा निवडल्या. मुले प्राथमिक शाळेत असतानाच त्यांच्या चाचण्या झाल्या होत्या. त्यामुळे कोणत्या शाळेत कशी मुले आली आणि पुढे त्यांचे काय झाले, हे ताडून पाहता आले. हजेरी, वर्तन व परीक्षेतील यश यांत शाळाशाळांमध्ये बराच फरक आढळला. येणाऱ्या मुलांतील फरक जमेस धरल्यावरही तो पुसला गेला नाही.

हा फरक कशाने पडला, हे सांगणारा भाग शिक्षकांनी अवश्य वाचावा. इमारत जुनी की नवी, शाळा लहान की मोठी, याला फारसे महत्त्व निघाले नाही. महत्त्वाच्या ठरल्या त्या साध्या गोष्टी: तास वेळेवर सुरू होणे, गृहपाठ देणे व तो तपासणे, चांगल्या कामाचे लगेच कौतुक, भिंतींवर मुलांचे काम, नीट राखलेल्या खोल्या, सुट्टीत इमारतीत वावरण्याची मुभा. जेथे अधिक मुलांवर जबाबदारी सोपवली जाई, तेथील निकाल चांगले होते.

आमच्या दोन हरकती आहेत. शाळा १२ आणि मोजमापे त्याहून अधिक. अशा वेळी काही संबंध निव्वळ योगायोगानेही जुळतात. दुसरे, कौतुकाने मुले चांगली वागतात, की चांगली वागणारी मुले कौतुक मिळवतात? लेखकांना या प्रश्नाची जाणीव आहे. पण एका वेळच्या पाहणीतून त्याचे उत्तर मिळत नाही. शिवाय, शाळा आपली वाटते का, हे त्यांच्या निकालांच्या यादीत नाही. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी पाहणीत ते मुलांनाच विचारले होते: शाळेतील माणसे जवळची वाटतात का, शिक्षक न्यायाने वागतात का? ‘हो’ म्हणणाऱ्यांत मानसिक त्रास, हिंसा व व्यसने कमी आढळली. कारण कोणते व परिणाम कोणता, हा प्रश्न तेथेही उरतोच.

त्याचे उत्तर करून पाहिल्यानेच मिळेल. आपल्याकडे वर्षभर एकच वर्गमंत्री असतो. एका तुकडीत फळा, प्रयोगाचे साहित्य, परिपाठ, ग्रंथपेटी ही कामे पाळीपाळीने सर्वांना द्यावीत. दुसरीत नेहमीचीच पद्धत ठेवावी. दोन्हींची आधीची व सत्राअखेरची हजेरी मांडावी, मुलांनाही नाव न लिहिता वरील दोन प्रश्न विचारावेत. फरक पडला नाही, तर तेही नोंदवावे.