‘एकच प्याल्या’तील शरद आणि झाडीचा पाट

‘एकच प्याला’ म्हणजे सुधाकर-सिंधूची शोककथा, हा समज आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या रूढ आहे, व तो चुकीचाही नाहीं. परंतु त्याच नाटकाच्या पोटांत दुसरें एक लहान नाटक आहे; त्याकडे टीकाकारांनीं बहुधा उपकथानक म्हणूनच पाहिलें. सुधाकराची बहीण शरद ही बालविधवा. भगीरथ हा प्रेमभंगामुळें दारूच्या नादीं लागून रामलालच्या संगतीनें सावरलेला तरुण. एकाचें प्रेम हातचें गेलेलें, दुसरीला तें हाताशीं येण्यापूर्वींच नाकारलेलें. एक संसार पेल्यांत बुडत असतां शेजारींच या दोन जीवांना पुनः प्रेम करण्याचें धैर्य यावें, ही योजना केवळ विरोध साधण्यासाठीं केलेली नाहीं. ‘प्रेमसंन्यासां’त लीला या बालविधवेच्या प्रीतीचा शेवट शोकांतच झाला होता, येथें मात्र विधवेला जगून प्रेम करतां येतें. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजीं सावनेर येथें वारले आणि पुढच्याच महिन्यांत गंधर्व नाटक मंडळीनें हें नाटक रंगभूमीवर आणिलें. शरदचें सुख लेखकाला रंगलेलें पाहतां आलें नाहीं.

तें सुख कसें येतें, हें मात्र नीट पाहिलें पाहिजे. पितृभावानें शरदला सांभाळणाऱ्या रामलालच्या मनांत तिच्याविषयीं अभिलाष उत्पन्न होतो, तो त्याच्याशीं झगडतो आणि अखेर तिला भगीरथाच्या हातीं देतो. हा झगडा गडकऱ्यांनीं जीव ओतून लिहिला आहे. नटाला त्यांत वाव आहे, प्रेक्षकाला धक्का आहे. पण नाटककाराची लेखणी जेथें सर्वांत तापते, तेथें शरद नसते. एक पुरुष त्याग करावयास सिद्ध होतो, दुसरा दान करतो, आणि जिच्या आयुष्याचा हा सौदा, तिचें मन आपणांस कळतें खरें. तिचा निर्णय मात्र दिसत नाहीं. तिनें गमावलें तरी काय? ज्याचा चेहराही नीटसा आठवूं नये असा नवरा, आणि त्याबरोबर उरलेलें सारें आयुष्य. या विलक्षण दुःखाला नाटकांत स्वतःचा आवाज नाहीं. सुधारकी नाटकाचा हा जुना दोष आहे: विधवेचा प्रश्न त्याला दिसतो, विधवा दिसत नाहीं.

आम्ही हें लिहितों तो भंडारा जिल्हा मराठीच्या अगदीं पूर्वेच्या शिंवेवरचा. वैनगंगेच्या खोऱ्यांतील हा तळ्यांचा आणि धानाचा मुलूख १९५६ पर्यंत मध्यप्रांतांत, व पुढें मध्यप्रदेशांत, होता. याला व याच्या दक्षिणेकडील रानाला मिळून लोक झाडी किंवा झाडीपट्टी म्हणतात. दिवाळी झाली कीं गांवोगांव मंडई भरते आणि रात्रभर नाटक चालतें. वडशाच्या मंडळ्या पेट्या घेऊन फिरत असतात. उजाडेपर्यंत मुलें मांडीवर घेऊन बसणाऱ्या बायांना विधवेचें पुनः घर बसणें ही काल्पनिक क्रांति मुळींच नव्हे. कुणबी, तेली, ढिवर, गोंड अशा येथील बहुतेक समाजांत पाट पूर्वापार चालत आला. कोठें त्याला मोहतूर म्हणतात. पुण्या-मुंबईंत १८५६ च्या पंधराव्या कायद्यावरून शास्त्रार्थ माजले, त्याच्या कितीतरी आधीं येथें विधवा नांदत होत्या. त्या कायद्याच्या दुसऱ्या कलमानें तर पुनर्विवाह करणारीचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरील हक्क काढून घेतला, आणि जेथें पाटाची चाल होती तेथेंही तें कलम लागू असल्याचा निवाडा मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील वरिष्ठ न्यायालयांनीं दिला. अलाहाबादचें मत तेवढें निराळें पडलें.

म्हणून झाडींतील स्त्री शरदहून सुखी होती, असें कोणी समजूं नये. पाट लागे तो रात्रीं, वाजंत्रीवांचून. सवाष्णी दूर राहत. कित्येक ठिकाणीं नवरा म्हणून धाकटा दीरच पुढें येई. पहिल्याचीं मुलें बहुधा त्याच्याच घराण्याकडे राहत. रूढीनें तिला घर दिलें, चूल दिली. आवड विचारली नाहीं. गडकऱ्यांच्या नाटकांत प्रेमाला मान आहे पण देणारा दुसराच. पाटांत परवानगी आहे पण मान नाहीं. दोहींकडे स्त्री मुकीच.

इंग्रजी नाटकाचा दाखला द्यावयाचा तर तेथेंही फारसा उजेड नाहीं. ‘हॅम्लेट’मध्यें राणीच्या दुसऱ्या लग्नाविषयीं मुलाचा संताप आपण शब्दशः ऐकतों, राणीनें पुनः प्रेम कां केलें हें तिच्या तोंडून ऐकावयास मिळत नाहीं. विधवाविवाहाचे कट्टे कैवारी आगरकर यांनींच १८८३ मध्यें ‘विकारविलसित’ या नांवानें तें नाटक मराठींत आणावें, हा योग मोठा गमतीचा आहे.

मराठींत या मुक्या स्त्रीला खरी जीभ फुटली ती वसंत कानेटकरांच्या ‘हिमालयाची सावली’ या १९७२ च्या नाटकांत. त्याच्या मुळाशीं धोंडो केशव कर्वे व त्यांच्या पत्नीचें चरित्र आहे. पहिली पत्नी राधाबाई १८९१ मध्यें वारल्यावर कर्व्यांनीं १८९३ मध्यें गोदूबाई या विधवेशीं विवाह केला व मुरुडकरांचा बहिष्कार पत्करला. नाटकांतली बयो प्रेमाचे शब्द उच्चारीत नाहीं; ती भांडते, हिशेब मागते, नवऱ्याच्या लोकसेवेंत आपल्या लेकरांचे हाल झाले हें तोंडावर सांगते. आम्हांस तर या भांडणांतच दुसऱ्या प्रेमाची खरी साक्ष पटते. जिला हें घर दान म्हणून मिळालें असें वाटत असेल, ती इतक्या हक्कानें भांडणार नाहीं. शरदला असें एकदां तरी भगीरथावर रागावतां यावयास हवें होतें.

झाडीच्या नाटककाराला तर याहून मोठा प्रसंग घरींच आहे. पाटाची रात्र, मागच्या दारीं बैलगाडी उभी, पहिल्या सासरच्या ओसरीवर झोपलेलें मूल, आणि त्याला उठवावें कीं नाहीं या विचारांत उभी राहिलेली बाई. तिनें त्या क्षणीं काय बोलावें, तें लिहून पाहावें.