‘बोअर झालं’ म्हणजे नेमकं काय झालं?



आजचा विषय तसा घरगुती आहे. रात्री जेवणं आटोपली, एखादा चित्रपट लावला किंवा मालिकेचे दोन भाग बघितले. मग कोणीतरी म्हणालं, "बोअर झालं." दुसरं म्हणालं, "मला तर आवडलं बाबा." तिसऱ्याने समेट घडवला, "ज्याची त्याची आवड." आणि दिवे मालवून सगळे झोपायला गेले. या तीन वाक्यांचाच आज आपल्याला विचार करायचा आहे. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे साध्या वाक्यांपाशी रेंगाळायची आमची जुनी खोड आहे. ती सांभाळून घ्या.

पहिलं वाक्य बघा. "मला बोअर झालं." यात चित्रपट कुठे आहे? नाहीच. मी आहे आणि माझी अवस्था आहे. "मला थंडी वाजली" म्हणावं, तसंच हे. त्यावर वाद होऊ शकत नाही. तुम्हाला थंडी वाजलीच नाही, असं आम्ही कसं सांगणार? पण तेच गृहस्थ दुसऱ्या दिवशी कचेरीत म्हणतात, "तो पिक्चर बोअर आहे, बघू नका." आता वाक्याचा कर्ता बदलला. काल ते स्वतःविषयी बोलत होते, आज चित्रपटाविषयी बोलताहेत. मधल्या वेळात पुरावा मात्र काहीच वाढलेला नाही. सगळी गफलत या घसरणीत आहे.

कांटने १७९० साली ‘क्रिटीक ऑफ जजमेंट’मध्ये हा भेद स्पष्ट केला. मराठीत रा. भा. पाटणकरांनी कांटच्या सौंदर्यविचारावर स्वतंत्र पुस्तकच लिहिलं आहे, जिज्ञासूंनी ते जरूर पाहावं. कांट म्हणतो, एखादी मदिरा रुचकर आहे असं कोणी म्हटलं, तर "तुला रुचकर आहे" अशी दुरुस्ती तो माणूस आनंदाने मान्य करील. पण एखादी गोष्ट सुंदर आहे असं म्हणताना "माझ्यापुरती सुंदर" ही भाषा हास्यास्पद होते. सुंदर म्हणणारा तुमच्याही संमतीची अपेक्षा करत असतो. सिद्ध करता येत नाही, तरी मागणी असते.

मग ही मागणी कशाच्या जोरावर करायची? इथे ह्यूम मदतीला येतो. १७५७ सालच्या आपल्या निबंधात तो ‘डॉन किहोटे’तली एक गोष्ट सांगतो. दोन जाणकारांना पिंपातली मदिरा चाखायला दिली. एक म्हणाला, चांगली आहे, पण चामड्याची किंचित चव लागते. दुसरा म्हणाला, चांगली आहे, पण लोखंडाची चव लागते. लोक दोघांनाही हसले. पिंप रिकामं झालं तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली एक किल्ली सापडली! आमच्या मते समीक्षा म्हणजे एवढंच: तळाशी किल्ली आहे, आणि ती अमुक जागी आहे, हे सांगणं. त्यासाठी पदवी लागत नाही. बोट दाखवावं लागतं.

आणि हे बोट घरातली माणसं उत्तम दाखवतात, बरं का. मालिका बघताना एखादी आजी म्हणते, "झोपताना कोणी पैठणी नेसतं का गं?" किंवा, "नवऱ्याची नोकरी गेलीय म्हणतात, मग हा बंगला कुणाचा?" ही अस्सल समीक्षा आहे. अकराव्या शतकात क्षेमेंद्राने ‘औचित्यविचारचर्चा’ लिहिली, तिचा गाभा हाच. दागिना कितीही मौल्यवान असो, कमरेचा गळ्यात घातला की हसंच होणार. आजीने क्षेमेंद्र वाचलेला नसेल, पण पैठणी कुठे चुकली ते तिने दाखवलं. तुम्ही पडताळून पाहू शकता.

आता एक अवघड उदाहरण घेऊ. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’. २०२० साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याला पटकथेचा पुरस्कार मिळाला, आणि २०२१ साली तो नेटफ्लिक्सवर आला. म्हणजे बहुसंख्य मराठी प्रेक्षकांनी तो घरीच पाहिला. शरद नेरुळकर हा शास्त्रीय गायनाचा साधक, वर्षानुवर्षं झटतो आणि तरी गाणं हवं तसं होत नाही. अशा चित्रपटाला घरोघरी काय प्रतिक्रिया येते? "स्लो आहे."

ठीक. कुठे स्लो आहे? रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावरून शरद मोटरसायकलने जातो, पडद्यावरची गती मुद्दाम मंदावलेली असते, आणि माईंच्या जुन्या व्याख्यानांचं ध्वनिमुद्रण ऐकू येत राहतं. ही दृश्यं नक्कीच संथ आहेत. पण माई सांगताहेत ती अख्ख्या जन्माची साधना, आणि ऐकणाऱ्याचा जन्म त्या रस्त्यावर सरतो आहे. संथपणा इथे विषयच आहे. म्हणजे "स्लो" हे वर्णन बरोबर, पण दोष म्हणून ते अजून सिद्ध व्हायचं आहे.

याउलट कोणी म्हणालं की, "टीव्हीच्या स्पर्धेतून पुढे येणारी ती गायिका फार सोपी रंगवली आहे; शास्त्रीय म्हणजे खरं आणि लोकप्रिय म्हणजे पोकळ, असा हिशोब दिसतो," तर आम्ही कान टवकारू. हा आक्षेप नकारात्मकच आहे, पण त्यात किल्ली आहे. आम्हाला तो काही अंशी पटतोही. मात्र शेवटच्या लोकलच्या प्रसंगात, गात भिक्षा मागणारा माणूस डब्यातून जातो तेव्हा, हा हिशोब चित्रपट स्वतःच मोडतो असं आमचं म्हणणं आहे. आता वाद घालता येईल! तुम्ही तो प्रसंग पुन्हा बघाल, आम्हीही बघू.

पण बघायचं कसं? अभिनवगुप्ताने रसास्वादातली सात विघ्नं सांगितली आहेत. त्यातलं एक म्हणजे प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटलेला असणं. घर तर या विघ्नाचं माहेर आहे. कुकरची शिट्टी, उद्याचा हप्ता, मांडीवरचा फोन. त्यात आणखी एक भर पडली. नेटफ्लिक्सने २०१९ साली दीडपट वेगाने बघण्याच्या सोयीची चाचणी घेतली, तेव्हा काही अमेरिकी दिग्दर्शकांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. २०२० साली ती सोय मोबाइलवर आलीच. सोय वाईट नाही. पण विलंबित ख्याल दीडपट वेगाने ऐकून "रंगला नाही" म्हणणारा माणूस कोणत्या गाण्याविषयी बोलतो आहे?

इथे कोणी विचारील, दिवसभर राबून लोकलने लटकत घरी आलेल्या माणसाला तुम्ही काय रसविघ्नं शिकवणार? त्याला दोन घटका करमणूक हवी. अगदी मान्य. त्याने हवं ते बघावं, अर्ध्यात सोडावं, डुलकी काढावी. प्रेक्षक एकसारखे नसतात हे भरताने नाट्यशास्त्रातच सांगून ठेवलं आहे: तरुणांना शृंगार रुचतो, शूरांना वीररस, वृद्धांना पुराणकथा. आमची मागणी लहानशी आहे. त्या थकलेल्या माणसाने "आज मला झेपलं नाही" असं म्हणावं. ते वाक्य खरं आहे, आणि त्यात चित्रपटावर अन्याय होत नाही.

राहिलं तिसरं वाक्य, "ज्याची त्याची आवड." हे मोठं उदार वाटतं. आमच्या मते तिन्हींत हेच सर्वांत घातक आहे. का? "बोअर झालं" म्हणणाऱ्याला निदान विचारता येतं, "कुठे झालं?" हे वाक्य तो प्रश्नच बंद करतं. तुमचं तुमच्यापाशी, माझं माझ्यापाशी. शांतता राहते, पण एकाच सोफ्यावर बसलेल्या चौघांनी चार वेगळे चित्रपट पाहिले, आणि कोणालाच दुसऱ्याचा दिसला नाही. नातीला जे दिसलं ते आजोबांना कधी कळलंच नाही. कांटची ती संमतीची मागणी उद्धटपणाची नाही, हे इथे ध्यानात येतं. "तुलाही हे दिसायला हवं" असं आपण ज्याला म्हणतो, त्याला आपण बघणारा माणूस मानलेलं असतं.

तेव्हा मत जरूर द्या, बेधडक द्या. फक्त त्याच्यामागे "कारण" हा शब्द जोडा, आणि कारण चित्रपटात शोधा. सापडलं नाही, तर ते मत आपल्याविषयीचं आहे असं समजावं. तेही कळलेलं बरंच.

इथे थांबू. प्रश्न घ्यायला वेळ आहे. "आम्हाला बोअर झालं" असं कोणाला म्हणायचं असेल, तर अवश्य म्हणा. आम्ही एवढंच विचारू, कुठे?