शेपूट आणि सही

मला मोटारीतलं काही म्हणजे काही कळत नाही. पण एखाद्या गोष्टीवर टीका करायची तर ती कळावी लागते, अशी अट मराठीत कोणी घातल्याचं माझ्या ऐकिवात नाही. त्यातून मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. कुठलीही वस्तू पाहिली की तिचं सौंदर्य दिसण्याआधी मला तिचा घसारा दिसतो. पुढचं शिक्षण बँकेच्या काउंटरमागं झालं. वीस वर्षं मी लोकांच्या सह्या जुळवतो आहे. आधी कार्डावर जुळवीत असे, आता पडद्यावर जुळवतो. एवढ्या भांडवलावर आज मी मोटारीच्या शेपटाची समीक्षा करणार आहे.

त्याचं असं झालं. भाचा स्टुटगार्टला नोकरीला आहे. मागच्या उन्हाळ्यात आम्ही उभयतां त्याच्याकडे गेलो. त्याचे घरमालक म्हणजे पंचाहत्तरीचे एक जर्मन आजोबा. त्यांच्या गॅरेजात १९७३ सालची पोर्शे ९११ टी. लग्नातला शालू जपावा तशी जपलेली. दर रविवारी सकाळी आजोबा ती बाहेर काढतात, पाव आणतात आणि परत झाकून ठेवतात.

"मामा, आजोबांना गाडीला मागून स्पॉयलर लावायचाय. कुठला लावावा, तुझं मत विचारतायत," भाचा म्हणाला.

"माझं? मला काय कळतंय त्यातलं?"

"तू बँकेत आहेस म्हणून सांगितलं मी. त्यांना वाटतं, तू फार विचार करून बोलतोस."

बँकेविषयी असा गैरसमज परदेशातच टिकतो. पण मान मिळाला की अभ्यास करावा लागतो. चार रात्री मी भाच्याची पुस्तकं वाचली.

स्पॉयलर म्हणजे बिघडवणारा. तो बिघडवतो ते हवेचं. ९११ ची पाठ कासवासारखी उतरती. वेगात तिच्यावरून हवा सरसर घसरते, तिथला दाब कमी होतो आणि गाडीचा मागचा भाग वर उचलला जाऊ लागतो. इंजिन मागं असूनसुद्धा! तिथं एक उभार कंगोरा दिला की हवा अडखळते, दाब वाढतो आणि चाकं रस्ता धरून राहतात. मात्र हा हिशेब वर्गाच्या चालीचा आहे. वेग दुप्पट झाला की हवेचा जोर चौपट होतो. म्हणजे ताशी २०० किलोमीटरला जो जोर मिळतो, त्याचा सोळावा हिस्सा ५० ला. पावाच्या दुकानापर्यंत किती मिळतो, ते आजोबांना सांगायचं मी टाळलं.

शेपूट म्हणजे निव्वळ नखरा, असंही नाही. आउडी टीटी १९९८ साली आली ती शेपटाविना. भरवेगात तिचा तोल जाऊन अपघात झाले, माणसं दगावली. मग कंपनीनं गाड्या परत बोलावून शेपटं बसवून दिली. तेव्हा हसताना जरा बेतानं हसावं.

आता समीक्षा. आजोबांपुढे नमुने दोन होते. पहिलं बदकाचं शेपूट. १९७२ च्या पॅरिस प्रदर्शनात पोर्शेनं ९११ कारेरा आरएस २.७ मांडली, तिचं हे. शर्यतीच्या नियमांसाठी ५०० गाड्या करायच्या होत्या. मागणी इतकी आली की १,५८० झाल्या. हे शेपूट गाडीला चिकटवलेलं नाही, इंजिनाचं झाकणच शेवटी वर वळलंय. चांगल्या गोष्टीचा शेवट असाच असावा. वेगळा जोडलेला वाटू नये, आणि काढला तर गोष्ट उचलली जावी.

दुसरं देवमाशाचं शेपूट. हे ९११ टर्बोबरोबर आलं; रुंद, आडवं, कडेला रबर लावलेलं. १९७८ च्या टर्बोत त्याचा कडा उचललेला ट्रे झाला, कारण त्याच्या पोटात हवा थंड करणारं यंत्र बसवायचं होतं. टर्बोवर तो शोभतो. आजोबांच्या १३० अश्वशक्तीच्या गाडीवर तो म्हणजे रिकामा डबा घेऊन ऑफिसला जाणं.

तुलनेसाठी आणखी दोन. लॅम्बोर्गिनी काउंटाशचा पंख हा शुद्ध अलंकार. त्यानं गाडीचा कमाल वेग उलट घटतो, तरी लोक हौसेनं लावून घेत. आणि माझी आवडती बीएमडब्ल्यू ३.० सीएसएल. १९७३ साली तिचा पंख जर्मनीच्या रस्त्यांवर नियमबाह्य होता. म्हणून कंपनी तो डिकीत ठेवून देई, लावायचा तर तुमचा तुम्ही लावा. हे वाचल्यावर जर्मन लोक मला एकदम घरचे वाटू लागले.

मी निकाल दिला: बदक. मात्र नुसतं मागचं नको. मागचं टोक दबलं आणि पुढचं तसंच राहिलं की स्टिअरिंग हलकं पडतं. तेव्हा पुढे खालच्या अंगाला हनुवटीही हवी. आणि मूळचं झाकण टाकायचं नाही, जपून ठेवायचं.

आजोबा खूश झाले. त्यांनी कपाटातून एक गुंडाळी काढली. आरएसच्या दोन्ही कुशींवर असतात तशी 'कारेरा' अक्षरं. तीही चिकटवायची होती.

"ती नको," माझ्या तोंडून निघून गेलं.

भाचा भाषांतर करायला कचरला. घरमालकाला नाही म्हणायचं! पण मला राहवेना. बँकेत मागं एक निवृत्त शिक्षक चेक घेऊन आले होते. सही जुळेना, मी परत केला. "अहो, मी तोच आहे," ते म्हणाले, "हात तेवढा म्हातारा झालाय." आणि ज्या एका चेकवर मी फसता फसता वाचलो, त्याची सही कार्डाबरहुकूम होती, रेघभरही फरक नाही! खरी सही रोज थोडी चुकते. खोटी कधीच चुकत नाही. आरएसला आज अफाट किंमत आहे म्हणून साध्या ९११ ला तिचा वेश चढवणारे पुष्कळ आहेत. शेपूट ही हौस झाली. हौसेला कोण नाही म्हणतं? पण अंगावर दुसऱ्याचं नाव लिहिलं की ती दुसऱ्याची सही झाली. उद्या गाडी नातवाकडे जाईल, परवा आणखी कोणाकडे. तेव्हा खरं सांगायला आजोबा नसतील.

भाच्यानं हे सगळं एकदाचं जर्मनमध्ये सांगितलं. आजोबा बराच वेळ गप्प. भाच्याला नवीन घर शोधावं लागणार, असं सौ.नं मला डोळ्यांनी कळवलं.

शनिवारी झाकण बसवलं. बिजागऱ्यांचे स्क्रू सैल ठेवून दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या करायला तीन तास गेले. नवं झाकण फायबरचं, हलकं. आधार देणारा दांडा मात्र जुन्या लोखंडी झाकणाच्या वजनाचा. कळ दाबताच ते असं उसळलं की मी दोन पावलं मागं आलो. मग कमी जोराचा दांडा आणला. मागाहून रीतसर तपासणी करून गाडीच्या कागदांत शेपटाची नोंद व्हायची होती. ज्या देशात शेपटालाही शिक्का लागतो, तिथं माझ्यासारखा माणूस सुखानं मरेल.

संध्याकाळी आजोबांनी जुनं झाकण रजईत गुंडाळून माळ्यावर ठेवलं. अक्षरांची गुंडाळी पुन्हा कपाटात गेली. मग गाडीची वही काढून त्यांनी दोन ओळी लिहिल्या. भाच्यानं वाचून दाखवलं: झाकण मूळचं नाही, नंतर बसवलेलं. मूळ झाकण माळ्यावर आहे.

खाली सही केली. हात थरथरत होता, शेवटचं अक्षर पार ओळीखाली गेलं.

ती सही मी कार्ड न बघता पास केली असती.